नारळ कुणी आणायचा

काजी, म्हणजे काजू, पिकू लागल्या की मला थकवा येतो. डॉक्टरांना सांगितलं तर ते रक्त तपासायला लावतील, म्हणून सांगत नाही. शिगमा उलटतो, ढोल पुन्हा देवळाच्या माळ्यावर जातात, आणि डिचोलीतल्या माझ्या घरामागच्या टेकडीवरून तो वास खाली उतरू लागतो. गोड, आंबट, घशाला जरासा खरवडणारा. शेजारी बेळगावकडचं एक कुटुंब नवं राहायला आलं होतं. त्यातल्या बाईंनी पहिल्याच उन्हाळ्यात मला कुंपणावरून विचारलं, "वकीलबाई, कुठं काय कुजलंय का हो?" मी म्हटलं, "कुजलं नाही, पिकलंय." त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते दर वर्षी पटतंच असं नाही.

यंदा वास आला त्याच आठवड्यात दोन फोन आले. पहिला जवळच्या एका कॉलेजातून. वादविवाद स्पर्धा आहे, परीक्षक म्हणून या. विषय काय म्हणून विचारलं, तर तिकडून एका प्राध्यापकाने उत्साहाने वाचून दाखवला : सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना ठरावीक मुदत असावी आणि त्यांची संख्या वाढवावी. मी तो पुन्हा वाचायला लावला, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, विषय जड वाटतो का?" मी म्हटलं, "नाही हो. ओळखीचा आहे."

दुसरा फोन शालनचा, गावाहून. हा हंगाम झाला की ती वास्कोला मुलाकडे कायमची राहायला जाणार होती. गुडघे चालत नाहीत, घराला कुलूप लावायचं. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सांगूक जाय म्हणान सांगलंय." मग फोन ठेवला. ज्या गोष्टीसाठी तिने फोन केला होता, तिचं नावही तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. ही आमची जुनी रीत आहे.

पेडण्यात हळर्णच्या अलीकडे आमचा गाव. गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि सड्याच्या उतारावर आमचं काजीचं भाट. भाट म्हणजे बागायत. 'आमचं' हा शब्द मी घाईने लिहिला. ते भाट माझ्या बाबांचं की बापूकाकांचं, याच प्रश्नात आमच्या दोन घरांची उमर गेली. बापूकाका हे बाबांचे चुलतभाऊ, आणि शालन त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. दोन घरं एकमेकांना चिकटून, बाव एक आणि तिच्यावर रहाट दोन. तंटा सुरू होईपर्यंत आम्ही दोघी एकाच रहाटावर पाणी ओढायचो.

तंटा कशावरून सुरू झाला हे सांगायचं तर मला आजही ते दोनदा सांगावं लागेल, एकदा आमच्या घरातून आणि एकदा त्यांच्या घरातून. आजोबांच्या तोंडी वाटणीत भाट कुणाकडे गेलं, एवढीच गोष्ट. पण झाडं कुणी लावली याबद्दल मात्र कधीच वाद नव्हता. ती दोघांनी मिळून लावली होती, ऐन विशीत. खड्डे बाबांनी खणायचे आणि बिया बापूकाकांनी टाकायच्या, कारण बापूकाकांचा हात गुणाचा असं घरात सगळे म्हणत. पहिल्या झाडाला पहिला बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, धरला तेव्हा दोघांनी तो तिथेच, झाडाखाली, अर्धा अर्धा खाल्ला आणि दोघांच्याही सदऱ्यांवर रस सांडला. बोंडवाचा डाग जात नाही. आईने पुढे बाबांच्या त्या सदऱ्याचं पायपुसणं केलं, त्यावरसुद्धा तो होता.

कोर्टाचं म्हणाल तर खाली एक जिंकला, वर दुसरा जिंकला, आणि मग प्रकरण दिल्लीला गेलं. त्याच उन्हाळ्यात दोन्ही घरांची माणसं काठ्या घेऊन एकदमच भाटात चढली. काजी गोळा करायची काठी म्हणजे टोकाला खिळा लावलेली लांब काठी, वाकायला नको म्हणून. त्या दिवशी त्या काठ्या जमिनीकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त रोखल्या गेल्या. डोकी फुटायची राहिली, आणि गावकराने, म्हणजे देवळाच्या मानकऱ्याने, दोघांना देवळात बोलावलं.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. गावकर देवासमोर उभा राहतो आणि साऱ्यांच्या वतीने खड्या आवाजात मागणं मागतो. एकेक मागणी झाली की जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हा होकार नुसता तोंडाचा नसतो. देवासमोर भरलेला होकार मोडायची कुणाची छाती होत नाही. त्या दिवशी गावकराने गाऱ्हाणं घातलं, की दिल्लीचा निकाल लागेपर्यंत या भाटातल्या फळाला दोन्ही घरांनी हात लावू नये, आणि लावील त्याला भाटाचा राखणदार, म्हणजे तिथलं अदृश्य दैवत, बघून घेईल. बाबा आणि बापूकाका दोघेही म्हणाले, "व्हय म्हाराजा." नारळ गावकराने आपल्याच झाडाचा दिला. कारण आमच्यात जो नारळ देतो तो मागणारा ठरतो, आणि मागणारा ठरायला दोघांपैकी एकही तयार नव्हता.

कोर्टाने असं काही सांगितलं नव्हतं. कोर्टाच्या हुकमात फळं कुजवा असं कुठे असतं? पण कोर्ट दिल्लीला होतं आणि राखणदार परसामागे.

मग बोंडू पडू लागले. पिवळे, तांबडे, रसाने फुटायला आलेले. पडायचे, फुटायचे, त्यांच्यावर माश्या बसायच्या आणि दुसरे त्यांच्यावर पडायचे. बिया तशाच फळाला लागलेल्या. माकडं यायची, पोट भरून खायची आणि खुशाल निघून जायची. त्यांनी कुणाला शब्द दिला नव्हता. भाटाची खालची कड आमच्या परसाला लागून होती, त्यामुळे दुपारच्या शांततेत सुक्या पानांवर फळ पडल्याचा आवाज सोप्यावर ऐकू यायचा. बाबा डोळे मिटून पडलेले असायचे. फळ पडलं की त्यांचा हात नुसता थोडा हलायचा.

गावात बाकी सगळ्यांच्या काजी गोळा होत होत्या. कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, बोंडू तुडवून रस निघत होता, दारूच्या भाट्या पेटल्या होत्या, पहिल्या धारेचा हुराक घरोघर जात होता. कुणी प्रेमाने बोंडवांची टोपली आमच्या दारात ठेवून जाई. बाबा तिला हात लावत नसत. आई रागावली की बाबा म्हणत, "माका भाट नाका. माका माज्या हातान लायल्ल्या झाडाचो एक बोंडू जाय. दोळे मिटायच्या आदीं एक." एक बोंडू हवा, हे ते मागण्यासारखं म्हणत नसत. आज जेवायला काय आहे, असं विचारल्यासारखं म्हणत. त्यांना धाप लागायची. म्हापशाच्या डॉक्टरांनी चढ चढायचा नाही म्हणून बजावलं होतं. उन्हं कलली की सड्याकडे बघत ते मला एकच गोष्ट विचारायचे, "दिल्लीसून आमचो डोंगर दिसता काय गो?"

मी तेव्हा कायद्याच्या कॉलेजात होते. दिल्लीतल्या त्या कोर्टात किती न्यायमूर्ती असतात, ते कोणत्या वयाला घरी जातात, हे मला पाठ होतं. डोंगर दिसतो का, याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

गोवा राज्य झालं त्या वर्षीचा हा हंगाम. घरात जी भाषा बोलतो ती एक, वाचतो-लिहितो ती दुसरी, आणि दोन्ही आपल्याच, हे तोवर कुणाला अवघड वाटलं नव्हतं. पण त्या वर्ष-दोन वर्षांत राजभाषेवरून एका पंगतीला बसणारी माणसं पाठमोरी बसू लागली होती. पोदेर पाव घेऊन आला तरी त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं, असा विचार मनात येऊन जायचा. अशा दिवसांत गावच्या वाचनालयाने वादविवाद ठेवला. वाचनालय चालवणारे आमचे जुने शाळामास्तर. भाषेचा विषय घेतला तर खुर्च्या फेकल्या जातील, राज्याचा घेतला तर पक्ष निघतील, म्हणून मास्तरांनी डोकं चालवलं. लांबचा विषय घ्यावा, ज्यात गावातल्या कुणाचं काही जात-येत नाही. तेव्हा दिल्लीत न्यायमूर्ती वाढवायची चर्चा चालली होती, पेपरात येत होतं. मास्तरांनी तोच विषय घेतला आणि देवळाच्या सभामंडपात फळा लावला. ज्या एका कोर्टात आमच्या गावाचं काही अडकलेलं होतं, नेमकं तेच कोर्ट त्यांनी निवडलं. भल्या माणसाच्या हातून होतात अशा चुका.

बाजूने मी बोलणार होते. विरुद्ध बोलायला शालन उठली, आणि मंडपात कुजबुज झाली. दोन घरांचा अबोला सगळ्यांना ठाऊक होता. ती तेव्हा पेडण्यात मुलांना शिकवत होती. अध्यक्ष गावकरच. म्हणजे ज्या माणसाने एरवी गाऱ्हाणं घालायचं तो देवाकडे पाठ करून खुर्चीत बसलेला, आणि आम्ही दोघी त्याच्यासमोर. बाबा डाव्या खांबाला टेकून बसले होते, बापूकाका उजव्या. बाहेर काजींचा वास इतका दाट होता की समईच्या तेलाचा वाससुद्धा येत नव्हता.

मी सुरुवात केली, "अध्यक्ष महाराज..."

आणि मागच्या रांगेतून चार-दोन म्हातारे सवयीने बोलून गेले, "व्हय म्हाराजा!"

हशा पिकला. मास्तर उठून म्हणाले, "ह्यां गाऱ्हाणां न्हय, ह्यां भाषण. गप रवा." पण आमची माणसं. त्या मंडपात उभं राहून कुणी 'महाराज' म्हटलं की दुसरं काय करायचं असतं, हे त्यांना जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. मी पुढे बोलत राहिले. न्यायमूर्ती त्या जागेवर पोचतो तोच घरी जायचं वय होतं, कुणी मुख्य न्यायमूर्ती होतो तर काही महिन्यांपुरता. प्रत्येकाला सारखी, पुरेशी, ठरावीक मुदत द्या, म्हणजे हातात घेतलेलं काम त्याच्याच हातून पुरं होईल. आणि माणसं वाढवा. एवढा मोठा देश, सगळ्यांचे तंटे शेवटी त्याच दारात. वाक्य संपलं की मागून होकार यायचाच. हसू हळूहळू ओसरलं, होकार राहिला.

शालन बोलायला उठली ती शांतपणे. तिचं बोलणं माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मी तेव्हाही मान्य केलं असतं, कुणी विचारलं असतं तर. ती म्हणाली, मुदत बांधून दिली की माणूस मुदतीनंतरचं बघू लागतो, पुढे कुठली खुर्ची मिळेल ते. आणि संख्या वाढवली की एका बाकावर एक न्याय आणि दुसऱ्या बाकावर दुसरा. "अध्यक्ष महाराज, या गावात गाऱ्हाणं लागतं, कारण ते एकाच देवासमोर घालतात. उद्या दहा देव मांडले, तर जो तो आपल्याला सोयीचा देव धरील." "व्हय म्हाराजा!" तिलाही तेवढ्याच जोराने मिळाला. गावाचं म्हणणं कुणाच्या बाजूने आहे ते कळायला मार्ग नव्हता. गाव सगळ्यालाच हो म्हणत होता.

शेवटी मला उत्तर द्यायचं होतं. मी मुद्दे काढून ठेवले होते. उभी राहिले, आणि डाव्या खांबाकडे बघितलं. बाबांचं तोंड किंचित उघडं होतं, ते श्वास गोळा करत होते. माझं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं. मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज, देवाक वय ना. न्यायाधीश एक गेलो तर दुसरो येतलो. पण तंटो घालणाऱ्या माणसाक दुसरो जल्म ना. खंयचोय तंटो आसूं, तो घालणाऱ्यांच्या दोळ्यांदेखत सुटूं दी. ज्यांनी झाडां लायली, त्यांका त्यांचां फळ खाऊंक मेळूं दी!"

"व्हय म्हाराजा!"

मंडप दणाणला. पण त्या आवाजात दोन आवाज वेगळे ऐकू आले, कारण ते जरा उशिरा आले. एक डाव्या खांबाकडून आणि एक उजव्या.

सगळे एकदम दोन्ही खांबांकडे वळून बघू लागले. मग कुणीतरी म्हणालं, दोघांनीही देवासमोर होकार भरला. म्हणजे जुनं गाऱ्हाणं सुटलं की नाही? वादविवाद बाजूला राहिला आणि खरा वाद सुरू झाला. कुणी म्हणे सुटलं, कुणी म्हणे भाषणाने गाऱ्हाणं सुटत असतं तर पुढारी कधीच देव झाले असते. सगळ्यांनी गावकराला विचारलं. गावकर खुर्चीतून उठला, देवाकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "नारळ ना, विडो ना. ह्यां धरूक येवचां ना. पण दोगांचां मन जालां आसात, तर हाडा नारळ. आत्ताच्या आत्ता सोडवया."

कुणीतरी म्हणालं, "गावकरानूं, तुमीच दिया."

"पयल्या खेपेक माजो दिलो. माजो कसलोच तंटो ना. आता ज्येका जाय त्येणी हाडचो."

देवळाच्या दारात, फुलवाल्या बाईच्या पाटीत, नारळ रचलेले होते. मंडपातून दिसत होते. बाबा खांबाला धरून उठले. बापूकाकाही उठले. दोघेही उभे राहिले. बाबांना वाटत होतं बापू जाईल, आणि बापूकाकांना वाटत होतं हा जाईल. दोघांनाही तो बोंडू हवा होता, हे मला आज शपथेवर सांगता येईल. पण जो पाऊल पुढे टाकील तो मागणारा. मी उठू लागले, तर बाबांनी डोळ्यांनीच बसवलं. पलीकडे शालनलाही बापूकाकांनी हात धरून बसवलेलं मला दिसलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

थोड्या वेळाने बापूकाका टोपी नीट करत म्हणाले, "सवयीन तोंडातल्यान गेलां." बाबा म्हणाले, "माजांय तसांच." आणि दोघे दोन दारांनी बाहेर पडले.

मास्तरांनी उसन्या अवसानाने विचारलं, स्पर्धेचा निकाल काय? गावकर म्हणाला, "राखून ठेवलो." तो निकाल आजपर्यंत लागलेला नाही.

हंगाम संपता संपता गोवा राज्य झालं. फटाके वाजले, वाचनालयात पेढे वाटले. बाबा पेढा हातात घेऊन म्हणाले, "बरां जालां. आता दिल्ली जरा लागीं येयत." बापूकाका त्याच पावसाळ्यात गेले. बाबांना चढ चढायची बंदी होती, पण ते स्मशानापर्यंत चालत गेले आणि शेवटपर्यंत थांबले. पुढल्या वर्षी काजी मोहरल्या असताना तेही गेले. फळ धरायला अजून अवकाश होता.

निकाल आला तेव्हा मी डिचोलीत वकिली करू लागले होते. खटला गेला तेव्हा जे तिथे बसलेले होते, त्यांच्यातलं आता तिथे कुणी नव्हतं, आणि ज्यांनी तो नेला त्यांच्यातलंही इथे कुणी नव्हतं. दोष दिल्लीचा म्हणून हात झटकता येत नाहीत, कितीतरी तारखा आमच्या दोन्ही बाजूंनीच मागून घेतल्या होत्या. निकाल आमच्या बाजूने लागला. भाट सगळं माझं. मला आनंद झाला का? मला झोप आली. दुपारी घरी येऊन मी जी झोपले ती दिवेलागणीला उठले.

भाट माझं झालं, पण काजी गोळा करायला माणूस मिळेना. बायकांना विचारलं, पुरुषांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, गाऱ्हाणं सुटलेलं नाही. दोन घरांनी मिळून घातलेलं दोन घरांनी मिळून सोडवायला हवं. मी वकील, कोर्टाचा हुकूम हातात, आणि माझ्याच डोंगरावर चढायला कुणी तयार नाही. माझा राखणदारावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. एकटी चढून एक फळ उचलायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण बाबांनी शब्द पाळून प्राण सोडला, आणि त्यांच्या पश्चात मी फळ खायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. शालनने नारळ द्यावा तर ती हरलेली, पुन्हा मागणारीही ठरणार. मी द्यावा, तर जे माझंच आहे ते मी मागायचं कुणाकडे? ती लग्न होऊन वास्कोला गेली, नवरा बंदरात कामाला होता. तो गेल्यावर ती गावी परत आली आणि आम्ही बोलू लागलो. गुडघ्यांबद्दल, मुलांबद्दल, मासळीबद्दल. भाट सोडून सगळ्याबद्दल. काजी पडत राहिल्या.

यंदा कॉलेजात मुलं छान बोलली. एका मुलीने सांगितलं की काही देशांत न्यायमूर्ती मरेपर्यंत खुर्चीवर बसतात, आणि तिथेही आता मुदत हवी म्हणून वाद चालला आहे. एक मुलगा तावातावाने म्हणाला, संख्या दुप्पट करा. मी ऐकत होते. मुद्दे तेच होते, आमच्या मंडपातले. मला हेवा वाटला त्यांचा. मुदत घातली तर बरं होईल, माणसं वाढवली तर बरं होईल, हे मला आजही वाटतं, आणि शालनचं म्हणणंही खोटं नव्हतं असंही वाटतं. आता बाजू घ्यायचीच ताकद राहिलेली नाही. एवढंच कळतं, की खुर्चीवरच्या माणसाची मुदत सगळे मोजतात, बाकावर बसून वाट बघणाऱ्याची कुणी मोजत नाही. मी त्या मुलीला पहिलं बक्षीस दिलं. निकाल राखून ठेवायचा मोह झाला होता, तो आवरला.

शेवटी माझा सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ. असे नारळ मला पुष्कळ मिळतात, मी ते वाटेत कुणाला तरी देऊन टाकते. या वेळी देणार होते तो थांबले. पिशवीत हात घालून तो नारळ चाचपला, आणि बसस्टँडवर डिचोलीच्या घराची वाट सोडून गावाची बस धरली.

शालन अंगणात सोलं वाळत घालत होती. मला शाल पांघरलेली बघून हसली. "लगीन खंय आसा?"

"भाटांत चल," मी म्हटलं.

ती हसायची थांबली. "माज्या हातान नारळ दिलो जावचो ना हां. आदींच सांगतंय."

मी पिशवीतून नारळ काढला. ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुजो?"

"कॉलेजीचो. डिचोलीचो. माका न मागता दिलो. माजोय न्हय, तुजोय न्हय."

तिने बराच वेळ विचार केला. ती बारकाईने विचार करते, म्हणून तेव्हाही माझ्यापेक्षा चांगली बोलली होती. मग तिने हात पुसले आणि काठी घेतली. "मगे चलतलो," ती म्हणाली.

तिचे गुडघे आणि माझी धाप, आम्ही फार वर गेलो नाही. परसाला लागून असलेल्या पहिल्याच झाडाखाली थांबलो. बायकांनी गाऱ्हाणं घातल्याचं आमच्या गावात कुणी ऐकलेलं नाही. गावकर बघायला हयात नव्हता हे एक बरं. मी नारळ दगडावर ठेवला आणि बाबांनी सड्याकडे बघावं तसं वर बघितलं. "बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, "आमच्या बापायनी घाललेलां गाऱ्हाणां आमी दोगी सोडवतो. दिल्लीन ज्येका दिलां त्येका दिलां. फळ दोनूय घरांचां. त्यांका मेळूंक ना, तां आमका मेळूं दी."

मी वळून पाहिलं, तर शालन पदराने डोळे पुसत होती. मग सगळ्या मंडपात घुमावा अशा आवाजात ती एकटी म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मी नारळ फोडला. वाकून एक बोंडू उचलला, बी पिळून काढली आणि फळ मधोमध फाडलं. बाबांना हे मिळालं नाही, बापूकाकांना मिळालं नाही, आणि आम्ही खाल्ल्याने ते भरून निघत नाही. तरी आम्ही खाल्लं. घशाला खरवडलं, आणि रस हनुवटीवरून कॉलेजच्या कोऱ्या शालीवर सांडला.

"अगो, धू बेगीन," शालन म्हणाली. "डाग पडतलो."

"पडूं दी," मी म्हटलं.